माजी सैनिकांना युद्धाबद्दल बोलायचे असते का? एका नातवाला उत्तर

मोहोळ तालुक्यातील एका तरुणाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्याचे आजोबा, म्हणजे आईचे वडील, १९७१ च्या युद्धात पूर्व आघाडीवर पायदळात होते. आज ते ७६ वर्षांचे आहेत. घरात कोणी युद्धाचा विषय काढला की "त्यात काय सांगण्यासारखं आहे" एवढे बोलून ते गोठ्याकडे निघून जातात. मात्र गेल्या महिन्यात त्यांच्या पलटणीतले एक जुने मित्र मुक्कामाला आले, तेव्हा दोघे रात्री दोन वाजेपर्यंत अंगणात बोलत बसले होते. नातवाला आजोबांच्या आठवणी व्हिडिओवर घेऊन ठेवायच्या आहेत, आई म्हणते, "बाबांना छेडू नकोस." माजी सैनिकांना या गोष्टी खरोखर बोलायच्या असतात का, आणि आपण विचारावे की विचारू नये, हे त्याला जाणून घ्यायचे आहे.

तुमच्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर त्या रात्री अंगणात मिळून गेले आहे. तुमच्या आजोबांना बोलता येते, बोलायचेही असते, आणि पन्नासहून अधिक वर्षांपूर्वीच्या आठवणी त्यांना रात्री दोनपर्यंत पुरतात. आता उरतो तो प्रश्न वेगळा आहे: मित्राशी बोलणारे आजोबा तुमच्याशी का बोलत नाहीत, आणि तुम्हाला हवा असलेला व्हिडिओ त्यांच्या बोलण्याला वाट करून देईल की वाट अडवील. माझ्या अनुभवात बहुतेक माजी सैनिकांना बोलायचे असते, पण प्रश्नांची उत्तरे द्यायची नसतात. या दोन गोष्टींतला फरक कळला की पुढचे पुष्कळसे सोपे होते, म्हणून उत्तर जरा सविस्तर देते.

आधी माझी मर्यादा सांगितली पाहिजे. मी सोलापुरात मानसोपचार क्षेत्रात सामाजिक कार्यकर्ती म्हणून २६ वर्षे काम केले आणि त्यात माजी सैनिक व त्यांची कुटुंबे यांच्याशी सतत संबंध आला. बार्शी, माढा, करमाळा, सांगोला या कोरडवाहू भागांतली कितीतरी घरे मी भेटी देऊन पाहिली आहेत. पण माझ्यापर्यंत आले ते बहुतांशी त्रास असलेले लोक, किंवा ज्यांच्या त्रासाने घरचे थकले होते असे लोक. जे शांत झोपतात, शेती बघतात, देवळाच्या कट्ट्यावर हसतखेळत बसतात, ते माझ्याकडे कशाला येतील? त्यामुळे मी जे सांगते आहे त्यात दुखऱ्या बाजूचे वजन थोडे जास्त असणार, हे लक्षात ठेवून वाचावे. पुढे जी उदाहरणे येतील त्यांतील ओळख पटण्यासारखे तपशील मी बदलले आहेत.

दुसरे असे, की "युद्धात होते" या दोन शब्दांत फार वेगवेगळी माणसे कोंबली जातात. १९७१ चे युद्ध ३ डिसेंबरला सुरू होऊन १६ डिसेंबरला ढाक्यातील शरणागतीने संपले, सुमारे ९३,००० जण युद्धकैदी झाले आणि परतलेल्या जवानांच्या गळ्यात गावोगावी हार पडले. १९६२ मध्ये चीनच्या आघाडीवरून परतलेल्यांच्या वाट्याला हे आले नाही. त्यांच्यातले काही जण अखेरपर्यंत आपण कुठे होतो एवढेही सांगायला तयार नसत, जणू पराभव त्यांच्या एकट्याच्या नावावर लिहिला गेला होता. १९८७ ते १९९० या काळात शांतिसेनेतून श्रीलंकेत गेलेल्यांची गोष्ट आणखी निराळी आहे. तिथे आपले अकराशेहून अधिक जवान कामी आले, पण परत आलेल्यांना शेजारी विचारत, "तिकडं आपलं काय काम होतं?" या प्रश्नाला जवानाने काय उत्तर द्यावे? उलट १९९९ चे कारगिल युद्ध लोकांनी दूरदर्शनवर पाहिले, त्यामुळे ऐकणाऱ्याला आपल्याला सगळे ठाऊकच आहे असे वाटते आणि सांगणाऱ्याचे तोंड तिथेच बंद होते. त्यातही पायदळातला शिपाई, तोफखान्यातला गनर, रसदीच्या गाडीवरचा चालक, लंगरमधला कुक आणि जखमींना उचलून आणणारा नर्सिंग असिस्टंट या सगळ्यांनी एकच युद्ध पाहिलेले नसते. एका चालकाने मला सांगितले होते की पुढे जाताना त्याच्या गाडीत दारूगोळा असे आणि मागे येताना काय असे ते त्याने कधीच बायकोला सांगितले नाही. लोक मात्र त्याला म्हणत, "तुम्ही ड्रायव्हर होता ना, मग लढाई कुठं बघितली?"

आता एक साधी गोष्ट, जी मनाच्या गुंतागुंतीत शिरण्यापूर्वी तपासून घ्यावी असे मी प्रत्येक कुटुंबाला सांगत आले: आजोबांना ऐकू नीट येते का? तोफा, उखळी तोफा आणि रायफली यांच्याजवळ वर्षे काढलेल्या माणसाचे कान पुष्कळदा गेलेले असतात, आणि आपल्या सोलापुरात फौजेतून सुटल्यावर पुन्हा गिरणीत किंवा यंत्रमागाच्या कारखान्यात पहारेकरी म्हणून १५-२० वर्षे काढलेले लोक कमी नाहीत. अशा माणसाला चार जण एकदम बोलत असलेल्या घरात निम्मे शब्द कळत नाहीत. तो "काय?" असे किती वेळा विचारणार? शेवटी उठून गोठ्याकडे जातो, आणि आपण त्याला युद्धाची जखम समजतो. ज्या मित्राशी आजोबा रात्री बोलले तो त्यांच्या शेजारी बसला असेल, मोठ्याने बोलत असेल, आणि भोवती टीव्ही चालू नसेल. तेवढ्यानेही फरक पडतो.

यानंतर भाषेचा मुद्दा येतो, आणि माझ्या मते तो सर्वांत दुर्लक्षित आहे. तुमच्या आजोबांचे युद्ध मराठीत झालेले नाही. हुकूम हिंदीत, रेडिओवरचे बोलणे हिंदीत, जखमी जोडीदाराला दिलेला धीर हिंदीत, आणि पलटण मराठ्यांची असली तरी फौजी बोलीत हिंदीची सरमिसळ ठरलेली. "स्टँड टू" (हल्ल्याच्या तयारीने सज्ज होण्याचा हुकूम), "पिठ्ठू" (पाठीवरची पिशवी), "मोर्चा", "लंगर", "शेलिंग आली" हे शब्द बाजूला काढले तर त्या दिवसांचे त्यांच्याजवळ फारसे काही उरत नाही. घरात मराठीत सांगायचे म्हणजे प्रत्येक वाक्याला थांबून समजावणे आले: मोर्चा म्हणजे आपल्या सोलापुरात चार पुतळ्यांपासून निघतो तो नव्हे, बंदूक लावून बसायची जागा. दोन वाक्यांत सांगणाऱ्याचा धागा तुटतो. सोलापुरातल्या तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या घरांत तर हे अंतर आणखी एका भाषेने वाढते. मित्रापुढे यातले काहीच समजवावे लागत नाही. त्याने नुसते एखाद्या सुभेदाराचे नाव घेतले की दोघेही हसतात.

मौनाची आणखी कारणे आहेत. ज्यांच्याबरोबर गेलो त्यांतले काही आले नाहीत आणि आपण आलो, याचा संकोच असतो. घरच्यांच्या डोळ्यांत आपण जे आहोत ते बदलेल, ही भीती असते. फौजेत अंगात मुरलेली, बाहेर काही न सांगण्याची शिस्तही असते. तुम्ही पत्रांची गोष्ट ऐकली असेल: पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर गेलेल्या हिंदी शिपायांची पत्रे सेन्सॉर वाचत असत, म्हणून काही जण भारतीय जवानांना "काळी मिरी" आणि गोऱ्यांना "लाल मिरची" म्हणून घरी खबर कळवत. आडून बोलण्याची ही सवय फार जुनी आहे. पण या सगळ्यांपेक्षा मोठे कारण ऐकणारे आहेत, म्हणजे आपण.

याची शिकवण मला माझ्याच चुकीतून मिळाली. कामाला लागून मला पाच-सहा वर्षे झाली असतील. एका महाविद्यालयात १६ डिसेंबरच्या कार्यक्रमाला मी माझ्या ओळखीच्या एका माजी हवालदारांना आग्रहाने नेले. ते दोन वर्षे माझ्याशी थोडेथोडे बोलू लागले होते आणि चार लोकांसमोर बोलले तर त्यांचे मन मोकळे होईल, असे मला वाटत होते. शाल झाली, श्रीफळ झाले, आणि सूत्रसंचालकाने "आता दोन शब्द" म्हणून माइक त्यांच्या हातात दिला. ते पाच मिनिटे चांगले बोलले. मग मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, "आजोबा, तुम्ही किती जणांना मारलं?" सभागृहात टाळ्या पडल्या, आणि मला वाटते त्या मुलाला स्वतःलाही आपण काय विचारले हे कळले नसावे. हवालदारांनी माइक टेबलावर आडवा ठेवला, "चहाची वेळ झाली" म्हणाले आणि खाली उतरले. त्यानंतर आठ महिने ते माझ्याकडे आले नाहीत. जो प्रश्न विचारला गेला तो मुलाचा होता, पण त्या जागी त्यांना नेऊन उभे करणारी मी होते.

आपल्या शहराला युद्धातून न परतलेल्याचा मान ठेवता येतो. डॉ. द्वारकानाथ कोटणीस इथले. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले, जखमींची सेवा करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले, आणि त्यांचे स्मारक आपण अभिमानाने पाहुण्यांना दाखवतो. पण परत आलेला माणूस बँकेत नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला रांगेत उभा असतो, तेव्हा त्याच्याशी काय बोलावे हे आपल्याला सुचत नाही. आपल्याजवळ त्याच्यासाठी दोनच साचे आहेत, वीर किंवा बिचारा, आणि ज्याला या दोन्हींत बसायचे नाही तो गप्प राहतो.

बोलल्याने बरे वाटते की वाईट, हा तुमच्या आणि तुमच्या आईच्या वादाचा गाभा आहे. या वादाला शंभर वर्षांहून अधिक इतिहास आहे. १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स या डॉक्टरांनी "शेल शॉक" (लढाईतून परतलेल्या सैनिकांना बसलेला मानसिक धक्का) हा शब्द वैद्यकीय नियतकालिकात वापरला, तेव्हा सर्वसाधारण सल्ला "विसरून जा" असाच होता. स्कॉटलंडमधील क्रेगलॉकहार्टच्या लष्करी रुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. रिव्हर्स यांनी १९१७ मध्ये याला हरकत घेतली: आठवणी बळाने दाबायला सांगितलेले रुग्ण रात्री स्वप्नांत त्याच आठवणींशी झगडतात, असे त्यांना दिसले. पुढे व्हिएतनाम युद्धातील सैनिकांच्या अनुभवातून १९८० मध्ये पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा तणावविकार, हे निदान अधिकृत झाले. मग पारडे दुसरीकडे झुकले आणि "बोला, लगेच बोला, सगळे बोला" असे सुरू झाले. अपघात किंवा हल्ल्यानंतर माणसाला बसवून एकाच बैठकीत सगळे वदवून घेण्याची पद्धत बरीच वर्षे चालली. २००२ च्या सुमारास या पद्धतीवर झालेल्या चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा अशा एका बैठकीने पुढचा विकार टळत नाही, आणि काही चाचण्यांत तर त्रास वाढलेला दिसतो, असे आढळले.

याचा अर्थ बोलणे वाईट असा नाही. आज ज्या उपचारांना चांगला आधार आहे त्यांतल्या एकात रुग्ण तीच आठवण प्रशिक्षित तज्ज्ञासमोर पुन्हापुन्हा सांगतो, पण ते साधारण ८ ते १५ बैठकांत, ठरलेल्या क्रमाने, मध्ये थांबण्याचा हक्क रुग्णाच्या हाती ठेवून. औषध तेच, मात्रा आणि हात वेगळे. म्हणून तुमची आई म्हणते तसे छेडणे चूक, आणि तुम्ही म्हणता तसे ऐकणे बरोबर. दोघे एकाच गोष्टीबद्दल बोलत नाही आहात, इतकेच. आणखी एक आकडा ध्यानात ठेवावा. व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकी पुरुष सैनिकांच्या मोठ्या पाहणीत आयुष्यात केव्हातरी हा विकार झालेल्यांचे प्रमाण सुमारे ३० टक्के होते. ते थोडे नव्हे, पण उरलेले ७० टक्केही आहेतच. आजोबा बोलत नाहीत म्हणजे ते आजारी आहेत, असे धरून चालू नये.

मग बोलणे प्रत्यक्षात कसे होते, ते एका उदाहरणाने सांगते. बार्शी तालुक्यातले एक निवृत्त नाईक, हेही १९७१ चे, झोपेच्या तक्रारीसाठी आमच्याकडे आले होते. मी त्यांच्या घरी भेटींना जाऊ लागले. पहिल्या तीन भेटींत ते फक्त बुटांबद्दल बोलले. पूर्वेकडे पाणीच पाणी. बूट सुकत नसत, सुकले तर कडक होऊन टाचा सोलत, मोजे पिळून पिठ्ठूवर वाळत घालावे लागत, खिशातले शंकरपाळे भिजून लगदा होत. मी मनात म्हणत होते, हे गृहस्थ विषय टाळत आहेत. चौथ्या भेटीला दुपारी ते ओसरीवर बसले होते, त्यांच्या पत्नी दाराशी सुपात ज्वारी निवडत होत्या. बुटांचेच चालले होते. मध्येच ते म्हणाले, "मग एके दिवशी सकाळी मला कोरडे बूट मिळाले. माझ्याच मापाचे." पुढे काही बोलले नाहीत. सुपातला हात थांबला. मी काही विचारले नाही, आणि मी आयुष्यात केलेल्या बरोबर गोष्टींपैकी ती एक आहे असे मला आजही वाटते. थोड्या वेळाने त्यांनी मला विचारले, "तुमची यष्टी किती वाजता आहे?" त्या तीन भेटींत ते विषय टाळत नव्हते, तिकडेच चालत येत होते, त्यांच्या वाटेने.

म्हणून आजोबा चहाविषयी, थंडीविषयी, खेचराविषयी, एखाद्या चिडक्या सुभेदाराविषयी बोलू लागले तर त्यांना "ते राहू द्या, लढाईचं सांगा" असे म्हणू नका. ते लढाईचेच सांगत आहेत.

याच्या उलट एक प्रकारही पाहायला मिळतो. काही माजी सैनिक भरपूर बोलतात. लग्नात, बारशात, पंचवीस वर्षे तीच गोष्ट, त्याच विनोदाच्या जागा. घरचे कंटाळून हसतात. माझ्या अनुभवात अशी घोटून गुळगुळीत झालेली गोष्ट बहुधा एखाद्या दुसऱ्या गोष्टीवर घातलेले झाकण असते. झाकण उघडण्याची घाई करू नये, पण "यांचे सगळे बोलून झाले आहे" असा समजही करून घेऊ नये.

आता तुमच्या घराकडे येते. आजोबांना विचारण्यापूर्वी आईला विचारा. ती त्यांची मुलगी आहे. लहानपणी रात्री तिने काय ऐकले, दिवाळीत बाबा कुठे जात, ते दचकून उठत का, याची साक्षीदार ती आहे, आणि तिचे "छेडू नकोस" हे बहुधा कशाच्या तरी आठवणीतून आलेले आहे. मी एका कुटुंबाला ओळखत होते. घर सोलापुरातल्या होम मैदानापासून जवळ. तिथे भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत शोभेचे दारूकाम असते त्या दिवशी त्या घरचे आजोबा दरवर्षी न चुकता अक्कलकोटला मुलीकडे जात. घरच्यांना वाटे, त्यांना गर्दी आवडत नाही. मुलीला कारण ठाऊक होते, पण तिला तीस वर्षांत कोणी विचारलेच नव्हते. (सगळ्यांनाच फटाक्यांचा त्रास होतो असे नाही. समोर दिसणारा, अपेक्षित आवाज पुष्कळांना चालतो. पाठीमागून अवचित झालेला चालत नाही.)

आजी हयात असतील तर त्यांचेही युद्ध होते. त्या काळी गावात तारवाला शिरला की कोणाच्या दारी थांबतो म्हणून सगळ्या बायका उंबऱ्यात उभ्या राहत, हे मी निदान दहा-बारा जणींकडून ऐकले आहे. आजींना त्या डिसेंबरबद्दल विचारा, आजोबा शेजारी बसलेले असताना. एक युक्ती म्हणून सांगत नाही, पण पुष्कळदा असे झालेले पाहिले आहे: आजी काहीतरी तारीख किंवा ठिकाण चुकीचे सांगतात, आणि इतका वेळ गप्प असलेले आजोबा म्हणतात, "तसं नव्हतं ते." तिथून बोलणे सुरू होते, कारण आता ते उत्तर देत नसून दुरुस्ती करत असतात.

थोडा अभ्यास करून बसा. त्यांची पलटण कोणती, क्षेत्र कोणते, एवढे काढता येते. १ मराठा, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीची जंगी पलटण, जमालपूरला लढली. मूळची मराठा असलेली २ पॅरा ११ डिसेंबर १९७१ रोजी टांगाईलला पॅराशूटने उतरली. ढाक्याकडे जाणारा तो रस्ता उत्तरेकडून येतो. नकाशावर ब्रह्मपुत्रा कुठे आहे हे तुम्हाला माहीत असले तर आजोबांचे समजावण्याचे निम्मे ओझे कमी होते. मात्र हा अभ्यास खिशात ठेवायचा. त्यांनी सांगितलेली तारीख इंटरनेटवरच्या तारखेशी जुळली नाही तर तिथल्या तिथे दुरुस्त करू नका. तुम्ही इतिहासाची परीक्षा घ्यायला बसलेले नाही.

व्हिडिओबद्दल माझे मत स्पष्ट आहे: आत्ता नको. कॅमेरा समोर आला की आजोबांना सत्कारातला माइक दिसेल आणि "दोन शब्द" मिळतील. आधी दोन-तीन महिने नुसते ऐका. समोरासमोर न बसता शेजारी बसा. बांधावर, दुचाकीवरून बँकेत जाताना, जनावरांना वैरण टाकताना. घरात काळी पत्र्याची ट्रंक असेल, जिच्यावर पांढऱ्या रंगात त्यांचा नंबर आणि नाव लिहिलेले असते. ती उघडायला मदत मागितली तर नाही म्हणणारे आजोबा मी क्वचितच पाहिले. ट्रंकेतल्या वस्तूबद्दल विचारणे हे माणसाबद्दल विचारण्यापेक्षा हलके असते. "त्या वेळी तुम्हाला काय वाटलं?" यापेक्षा "तुमच्या सेक्शनमध्ये कोण कोण होतं?" हे विचारा. नावे घ्यायला त्यांना आवडते, आणि न परतलेल्यांची नावे घ्यायला दुसरी जागा त्यांना उरलेली नसते. मारण्याबद्दल कधीही विचारू नका. त्यांनी होऊन सांगितले तर ऐका, कौतुक करू नका आणि समजूतही काढू नका. ते थांबले की तुम्हीही थांबा. ती पोकळी भरण्याची घाई ऐकणाऱ्यालाच असते. रात्री उशिरा विषय काढू नका, कारण बोलणे संपले तरी झोपेत ते चालू राहते. आणि बोलून झाल्यावर लगेच उठून जाऊ नका. चहा घ्या, पाऊसपाण्याचे बोला, त्यांना आजच्या दिवसात परत येऊ द्या.

हे सारे झाल्यावर ध्वनिमुद्रण करावेसे वाटले तर सरळ विचारा, आणि त्याच वेळी ते कोण ऐकणार हेही ठरवा. आजोबांनी तुमच्यासाठी सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाऊन तिच्याखाली तिरंगे आणि सलाम पडू लागले, आणि त्यानंतर त्यांनी नातवाशी बोलणेच सोडले, असे एक प्रकरण मला मिटवावे लागले होते. पूर्ण मिटले नाही.

काही खुणा दिसल्या तर मात्र हे घरगुती ऐकणे थांबवून तज्ज्ञाकडे जावे: आठवणी निघाल्यापासून झोप उडणे, ओरडत उठणे, लष्करी कॅन्टीनमधून आणलेली दारूची बाटली लवकर संपू लागणे, किरकोळ कारणावरून हात उगारणे, किंवा "मी तेव्हाच जायला हवा होतो" अशी भाषा. शेवटची खूण दिसली तर वाट पाहू नका. ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे, कार्ड असेल तर तिथून, नाहीतर कोणत्याही शासकीय रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखवता येते. १४४१६ या टेलिमानस, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य मदतीच्या, क्रमांकावर मराठीतही बोलता येते. उतारवयात, विशेषतः पत्नी गेल्यावर किंवा विस्मरण सुरू झाल्यावर, चाळीस-पन्नास वर्षे शांत असलेल्या आठवणी अचानक वर येतात, हेही माहीत असू द्या. एक ऐंशी वर्षांचे गृहस्थ पहाटे साडेचारला सगळ्या घराला "स्टँड टू" देऊन उठवू लागले होते. सुनेने डॉक्टरांकडे नेईपर्यंतचे काही दिवस नुसते "सब ठीक है, साब" म्हणायला शिकून घेतले आणि ते पुन्हा झोपू लागले. मला ते सुचले नसते.

तुमच्या घरी अशी काही खूण नसेल, आणि प्रश्नावरून ती दिसत नाही, तर मी एवढेच सुचवीन: जानेवारीत हुरडा आला की त्या मित्रांना पुन्हा मुक्कामाला बोलवा. आगटी तुम्ही पेटवा, कणसे तुम्ही भाजा, शेंगाची चटणी आणि गूळ पुढे ठेवा आणि तिथेच बसून राहा. हाताला काम असलेल्या माणसाची कोणाला अडचण होत नाही. फोन घरात ठेवा. आणि आजोबा बोलता बोलता हिंदीत शिरले, तर त्यांना मराठीत आणू नका.